डाव्या पायाची फाइल

३ फेब्रुवारी

चि. टाप्यास,

अ. उ. आ. त्यातले निम्मे आशीर्वाद आत्ता घे, उरलेले काम झाल्यावर पाठवते.

कारखान्यातला कॉम्प्युटर गेला. मेला असं म्हणत नाही, कारण दुरुस्तीवाला म्हणतो की तो मेलेला नाही, त्याला फक्त आपण कोण ते आठवत नाही. सुरू केला की काळा पडदा येतो आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत बसते. लोकांच्या घरी जाऊन कशाला आलो ते विसरलेला माणूस असतो ना, तसा.

दुरुस्तीवाला नवा आहे, त्याच्या कमरेला दोन फोन आहेत आणि दोन्ही सतत वाजतात. त्याला बिचाऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. की ज्यांचे पाय वाकडे, आखूड किंवा जन्मतः आत वळलेले असतात त्यांच्यासाठी इथे बूट होतात. की प्रत्येकाच्या पायाचं माप या कॉम्प्युटरात आहे. की शेजारचं यंत्र ते माप वाचून लाकडाचा कलबूत कोरतं, म्हणजे हुबेहूब त्या माणसाचा पाय, आणि त्या लाकडी पायावर आम्ही चामडं चढवतो. त्याने विचारलं, मग सरळ नवा कॉम्प्युटर का घेत नाही. मी म्हटलं, आम्ही घेऊ हो, पण यंत्राला तो चालत नाही. यंत्र बनवणारी कंपनी कधीच बुडाली. यंत्र मात्र त्या जुन्या सिस्टिमशी एकनिष्ठ आहे. नवी समोर आणली की तोंड फिरवतं. इतकी निष्ठा मी आपल्या कुठल्याही नातेवाइकात पाहिली नाही.

तर ती जुनी सिस्टिम पुन्हा चढवायची म्हणजे तिच्या मूळ सीड्या पाहिजेत. त्या होत्या. बाबांनी मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवल्या होत्या. पहिली आत घातली, ती गरगर फिरली आणि आत बरणी पडून फुटावी तसा आवाज झाला. मधल्या भोकापाशी तडा गेलेला होता, तो कुणाला दिसला नाही. दुरुस्तीवाल्याने चिमट्याने तुकडे काढले आणि विचारलं की हिची दुसरी प्रत असेल ना. मी म्हटलं, असती तर मी तुमच्या तोंडाकडे अशी बघत उभी राहिले नसते.

पाय शाबूत आहेत असं तो म्हणतो. ते डिस्कच्या वेगळ्या भागात आहेत. त्याच सिस्टिमच्या सीड्या मिळाल्या तर सगळे पाय जसेच्या तसे परत येतील. बससेवेत गाडी चालवणाऱ्या एक बाई दर आठवड्याला येऊन विचारून जातात. त्यांचा ब्रेकवरचा पाय आखूड आहे. त्यांची बस मी टाळते सध्या.

पण खरी काळजी तुझी आहे. तुझा जोडा आता संपत आला असणार. नव्या जोड्याचं चामडं मी काढून ठेवलंय. तुझ्या डाव्या पायाची फाइल त्या कॉम्प्युटरात आहे, बाबांनी मापासाठी घेतलेला तुझा शेवटचा पाय. तो गेला तर मला नव्याने घ्यावा लागेल, आणि ते माझ्याच्याने होत नाही हे तुलाही माहीत आहे. गावाचे पाय मी घेते. तुझा बाबांनीच घ्यायचा. तुझी टाच अशी काही आत शिरते की प्लास्टर चढवताना हात कुठे थांबवायचा ते त्यांच्या बोटांनाच कळायचं. मी ती फाइल सोडणार नाही.

तुमच्या शहरात जुन्या कॉम्प्युटरांचा बाजार भरतो म्हणे. जाऊन बघ. फोन करू नकोस, फोनवर आपण दोघं एकदम बोलतो आणि एकदमच आपटतो. पत्रात निदान पाळीपाळीने बोलावं लागतं.

तुझी बायको बोलायला लागली का? गेल्या खेपेला आली होती तेव्हा मुक्काम संपेपर्यंत मी तिच्या तोंडून ‘हो’ आणि ‘नको’ एवढंच ऐकलं, आणि त्यातलं ‘हो’ही मला नीटसं ऐकू आलं नाही.

लोभ आहे तेवढा असू दे. वाढवण्याचा विचार सीड्या पोचल्यावर करू.

तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. साष्टांगातली सात अंगं तुझ्यापुढे लोटांगण घालून आहेत. आठवं नेहमीप्रमाणे रजेवर.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं. आमच्या विम्याच्या ऑफिसात दुसरं काय असतं वाचायला? माणसाचं घर जळालं की नाही हे मी खुर्चीत बसून कागदावरून ठरवतो, आणि बहुतेक वेळा ते जळालेलं नसतं. तेव्हा तुझी सीडी फुटली हे वाचून सवयीने पहिला विचार आला की पुरावा काय.

बाजार पाहिला. तो एका तळघरात भरतो. वर कपड्यांची झगमगीत दुकानं आणि खाली हे, म्हणजे इमारतीचं मन असावं तसं. कीबोर्डांचे ढीग, त्यांच्यावरची अक्षरं बोटांनी खाल्लेली. सुट्या वायरींची एक टोपली होती, तिच्यात हात घालून एक गृहस्थ डोळे मिटून काहीतरी शोधत होते. दुकानदाराला तुझ्या सिस्टिमचं नाव सांगितलं की तो असा बघतो, जणू त्याच्या आजोबांचा जुना पत्ता विचारला. एकजण म्हणाला की सीडी कशाला, इंटरनेटवरून फुकट उतरवून देतो. दिली. पेनड्राइव्ह घरी लावला तर आत सिस्टिमचा मागमूस नाही, एक बाई सारखी नाचत येऊन बक्षीस लागल्याचं सांगते. दुसऱ्याने मोठ्या विश्वासाने एक सीडी हातात ठेवली, वर नाव अगदी बरोबर. आत कुणाच्या तरी सहलीचे फोटो. मंडळी बोटीत बसून हात हलवत होती. मीही हलवला.

तिसऱ्या दुकानात मात्र खोकं मिळालं. न फोडलेलं, त्यावर तेच नाव, तोच आकडा. दुकानदार ते देताना हळवा झाला होता, निदान किंमत सांगताना तरी. सोबत पाठवलं आहे.

माझ्या जोड्याची घाई करू नकोस. बूट ठणठणीत आहे. पाय तर माझ्याहून हट्टी, बाबांनी घेतला त्यात केसाचा फरक नाही. तेव्हा फाइल परत आली की तीच वापर, नवं काही काढू नकोस. मला यायला जमणार नाही. सध्या रजा कुणालाच मिळत नाही. वरचे साहेब स्वतःच रजेवर असल्यामुळे ती मंजूर कुणी करायची हा प्रश्न आहे.

बायको बोलते, ताई. तू समोर असलीस की तिला वाक्यात शिरायला फट सापडत नाही, एवढंच.

कृपा आहे ती राहो, आणि जरा आवाज कमी करून राहो.

तुझा,
टाप्या


२५ फेब्रुवारी

चि. टाप्यास,

आशीर्वाद. खोकं मिळालं. मोठ्या थाटात फोडलं, कारागीर हातातली सुई बाजूला ठेवून बघायला आले. सीडी आत गेली, पडदा निळा झाला, आणि त्यावर लिहून आलं की ही प्रत फक्त त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे याआधीची सिस्टिम होती. तरी कृपया आधीची सीडी आत घालून दाखवा. आधीची म्हणजे याहूनही जुनी. ती बाबांनीही पाहिली नसेल. म्हणजे ही तुझ्याच खात्यातली निघाली. घर जळाल्याचा दाखला हवा, आणि तो जळालेल्या घरातून आणून द्या. दुरुस्तीवाल्याने डोकं धरलं, मग त्याचा एक फोन वाजला, मग दुसरा, आणि तो जो गेला तो गेलाच.

तेव्हा परत शोध. पूर्ण सिस्टिमची प्रत हवी, दोन सीड्यांची. अर्धवट पुढची नको. खोक्यावर किंवा कव्हरवर किल्लीचा नंबर असतो, त्याच्याशिवाय ती उघडत नाही, तोही आण.

आता एक विचारते. तुझ्या पत्रात मला काहीतरी टोचलं आणि काय ते दोन दिवस कळलं नाही. मग कळलं. तू तळघर लिहिलंस. तळघराला पायऱ्या असतात. जन्मात पहिल्यांदा तुझं पत्र पायऱ्यांना एकही शिवी न देता संपलं. तुझ्या लग्नाच्या दिवशी मी तुला विचारलं की कसं वाटतंय, तर तू आधी हॉलच्या पायऱ्यांबद्दल बोललास आणि नवरीबद्दल नंतर. आता तळघरात जाऊन आलास आणि पायऱ्यांबद्दल चकार शब्द नाही. तिथे सरकता जिना बसवला असेल तर तसं कळव, मी सरकारला अभिनंदनाचं पत्र पाठवते.

असं कर, बूट एका कागदावर ठेव आणि पेन्सिलीने तळ काढून पाठव. कुठे झिजलाय ते बघू दे. जमलं तर चार दिवस राहायला येऊनच जा. आधीच सांगते, आलास तरी पाय मी घेणार नाही, तेवढं माझ्याकडून वदवून घेऊ नकोस; पण बूट हातात धरून बघेन. तुझ्या चालीचा आवाज घरात आल्याला फार काळ झाला. तू दारातून आलास की टापांच्या आवाजाने बाबा काम सोडून उठायचे आणि घोडा आला म्हणायचे, ते कारागिरांनीही आठवून सांगितलं काल.

बसवाल्या बाई परवा थेट माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांना जुन्याच बुटात एक जाड तळवा घालून दिला. तो तात्पुरता आहे असं मी दोनदा सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की बसही तशीच आहे.

लोभ ठेव. उत्तर लवकर लिही, आणि त्यात पायऱ्या असू देत.

ताई


९ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या. त्यांचं वाटोळं होवो. झालं समाधान?

सीड्या मिळाल्या. दोन, पूर्ण, खऱ्या. एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मिळाल्या. तिथे आमच्यापैकी कुणाचं काय काम होतं ते विचारू नकोस. त्या स्कूलच्या मालकाने आजवर काहीही फेकून दिलेलं नाही. भिंतीवर काढून टाकलेली स्टिअरिंग व्हील टांगली आहेत, ओळीने, शिकारी लोक मुंडकी टांगतात तशी. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर अजून तीच सिस्टिम चालते आणि तो तिच्यावर शिकाऊ लोकांच्या चुका नोंदवतो. सीड्यांचं खोकं मागच्या फळीवर ऐटीत उभं. बाकी काही घेत नाही म्हणाला, सीड्या न्या. पण खोकं देणार नाही, ते फळीवर शोभतं. त्यामुळे किल्लीचा नंबर हाताने उतरवून घेतला आहे आणि सीड्या अंगावरच्या कपड्यानिशी येत आहेत. पार्सल बायको करणार आहे. कशात गुंडाळते कोण जाणे. नीट गुंडाळ एवढं सांगितलं, ती हो म्हणाली. ते ‘हो’ मला ऐकू आलं.

तळ कागदावर काढायला सवड झाली नाही. झिजलाय म्हटलं तर झिजलाय, नाही म्हटलं तर नाही. आमच्या खात्यात याला अंशतः हानी म्हणतात आणि त्यासाठी काही देत नाहीत.

एक मात्र मनापासून सांगतो. बाबांनी घेतलेला पाय आहे, त्यावरच जोडा कर. तुझ्या मनात दुसरं काही येऊ देऊ नकोस. त्या बुटात मी फार चांगला चालत होतो.

लोभ आहे, तो आता वाढवायला हरकत नाही. सीड्या निघाल्या.

तुझा,
टाप्या


२० मार्च

सौ. भावजयीस,

अ. उ. आ. तुला वेगळं पत्र मी लग्नानंतर पहिल्यांदाच लिहिते आहे. ते नवऱ्याला वाचायला देऊ नकोस.

पार्सल पोचलं. उघडलं तर आत एक बूट, डावा, आणि बुटात टाचेपासून टोकापर्यंत कापूस भरून त्यात दोन सीड्या. मला हसू आलं. म्हटलं, खोकं नाही तर बूट, कल्पना चांगली आहे. सीड्या काढून घेतल्या आणि बूट कोपऱ्यात टाकला. हे मी केलं. उभा जन्म बूट हातात धरण्यात गेला, आणि घरचा बूट आला तेव्हा मी त्याच्याकडे न बघता आतल्या सीड्या बघत बसले.

सीड्या चालल्या. दुरुस्तीवाला येऊन बसला, नंबर घातला, दुपारभर पडद्यावर एक निळी पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती, आणि मग सगळं परत आलं. गावाचे पाय जागच्या जागी. तुझ्या नवऱ्याची फाइल मी सर्वांत आधी उघडली. तो पाय पडद्यावर गोल फिरायला लागला, ती आत शिरलेली टाच, आणि मी ती पुन्हा पुन्हा फिरवून बघितली. त्याच संध्याकाळी लाकूड लावलं आणि कलबूत कोरून घेतला. कारागिरांना चहा पाजला. माझ्या हातून असं सहसा होत नाही, त्यांनी चहा आधी हुंगून पाहिला.

दुसऱ्या दिवशी पट्ट्याची उंची ताडून बघायची होती, म्हणून तो बूट उचलला. तेव्हा बघितला.

आत माझी दुहेरी शिवण आहे. म्हणजे हा अडगळीतला जुना नव्हे, हाच तो सध्या घालतो तो. टाचेचा बाहेरचा कोपरा, जो त्याच्या बुटाचा नेहमी सर्वांत आधी जातो, तो धड आहे. टोक मात्र घासून पांढरं पडलंय. तो पाय उचलत नाहीये, ओढतो आहे. करंगळीच्या अंगाला चामडं पात्याने उभं कापलंय आणि आतून चिकटपट्टी लावली आहे. कापणारा हात अनाडी आहे, आणि तो कुणाचा ते मी ओळखते. त्या जागी आतलं अस्तर पापडीसारखं कडक झालंय, तपकिरी. चामड्याचा रंग उतरतो तेव्हा कसा दिसतो ते मला माहीत आहे. हा रंग नव्हे.

मग कलबूत त्या बुटात घालून पाहिला. करंगळीपाशी अडला आणि टाचेपाशी खुळखुळला. म्हणजे माझ्याकडे जो पाय आहे आणि तुझ्या घरात जो पाय आहे ते आता एकमेकांना ओळखत नाहीत.

तो लिहितो की बूट ठणठणीत आहे, पाय बदललेला नाही, तळघरात जाऊन आलो. मग हा बूट माझ्याकडे असताना तो सध्या काय घालून ऑफिसात जातो? मला नुसतं ‘हो’ किंवा ‘नको’ नको आहे. सगळं लिही.

तुझी,
नणंद


२६ मार्च

ती. वन्सं यांना,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र मिळालं. यांना दाखवलं नाही.

हे ऑफिसात जात नाहीत. नवीन वर्ष लागल्यापासून घरीच आहेत. यांना साखरेचा त्रास निघाला. तो बराच आधीपासून असावा, पण पायाची जाणीव कमी होत गेली तिकडे यांनी लक्ष दिलं नाही. उलट पाय दुखायचा थांबला म्हणून खूश होते. मला म्हणाले, बघ, शेवटी कंटाळला दुखायचा. बूट करंगळीला घासत होता ते यांना कळलंच नाही. मोज्यावर डाग पडला तो मला दिसला. तेव्हा यांनी पातं घेऊन बूट कापला आणि मला सांगितलं की आता प्रश्न मिटला.

जखम आत गेली आहे. रोज ड्रेसिंगला नर्स येतात. डॉक्टर म्हणतात, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नक्की जाणार. हाडापर्यंत पोचली असेल तर पावलाचा पुढचा भाग. ते पुढच्या आठवड्यात उघडून बघतील तेव्हा ठरेल. मला झोप येत नाही, यांना येते, म्हणून मी यांच्यावर चिडते आणि मग मला बरं वाटत नाही.

बाजारात मी गेले होते. तिन्ही दुकानांत मीच गेले. घरी येऊन जे दिसलं ते सांगायचे, आणि हे पलंगावर पाय उंचावर ठेवून ते तुम्हाला लिहायचे. बोटीतल्या लोकांना हात यांनी हलवला, तेवढं यांचं. पायऱ्या मी सांगितल्या नाहीत कारण माझ्या त्या लक्षात राहिल्या नाहीत. तुमचं ते पत्र आलं तेव्हा यांनी मला विचारलं की किती होत्या, आणि मग विषय बदलला.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी गाडी शिकायला जाते. यांची आता कुणीतरी ने-आण करायला हवी. माझ्या चुका त्या जुन्या कॉम्प्युटरवर नोंदवल्या जात होत्या, तेव्हा पडदा ओळखीचा वाटला. चुका पुष्कळ होत्या, त्यामुळे पडदा बराच वेळ बघायला मिळाला.

यांनी मला शपथ घातली होती की वन्संना पायाबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. मी लिहिलं नाही. बुटाबद्दल आमचं काही बोलणं झालं नव्हतं. सीड्या कशात पाठवू असा प्रश्न पडला तेव्हा तो पलंगाखाली समोरच होता. तुम्ही नेहमी म्हणता की माणूस पत्रात काहीही लिहील, बुटात त्याला लिहिता येत नाही. मी मुक्कामाला आले होते तेव्हा हे तुम्ही एका गिऱ्हाइकाला सांगत होतात. मी ऐकत होते.

हे का लपवतात ते मी विचारलं होतं. ते उत्तर तुम्हाला सांगू की नको याचा मी पुष्कळ विचार केला. हे म्हणाले, ताईला वाटतं की बाबांनी घेतलेला पाय म्हणजे शेवटचा शब्द. जखम त्याच मापाच्या बुटाने झाली हे तिला कळता कामा नये. म्हणून तुम्ही त्याच फाइलवर नवा जोडा केलात तरी हे तो घेणार होते, कपाटात ठेवणार होते, आणि छान बसला म्हणून तुम्हाला लिहिणार होते. पत्र कसं लिहायचं तेसुद्धा ठरलं होतं.

तुम्ही रागवाल हे मला माहीत आहे. माझ्यावर रागवलात तर चालेल.

आपली कृपा असावी, आणि शक्य झालं तर लवकर असावी.

आपली,
भावजय


३१ मार्च

चि. टाप्यास,

आशीर्वाद. आधी बायकोवर ओरडायचं ते ओरडून घे, मग पुढे वाच. ओरडून झालं असेल तर तिला खुर्ची दे. तिने शपथ पाळली आहे. तुम्हा विमावाल्यांनीच शपथेत बुटाचं कलम घालायला हवं होतं, घातलं नाहीत, तो तुमचा निष्काळजीपणा. बाईने लग्नानंतर मला पहिलं मोठं वाक्य सांगितलं ते पार्सलने सांगितलं, आणि त्यातही मी आधी कापूसच काढत बसले.

तू काय समजलास, बाबांचं नाव खराब होईल म्हणून तू पाय कुजवायचा आणि मी इथे चामडं शिवत बसायचं? बाबांच्या मापाने तुला जखम झालेली नाही. बाबांनी पाय घेतला तो त्या दिवशीचा पाय होता, आणि तो त्यांनी बरोबर घेतला. पुढचे पाय घ्यायला ते मला मागे ठेवून गेले होते. मी ते काम कॉम्प्युटरवर ढकललं, आणि तो मेला तेव्हा त्याला जिवंत करायला सीड्या शोधत बसले. तुलाही शोधायला लावलं, तुझ्या बायकोला तळघरं उतरायला लावली. इतकं सगळं झालं, कारण दोन दिवसांचा प्रवास करून तुझ्यासमोर स्टुलावर बसायची मला भीती वाटत होती. टाच चुकेल, तू ओरडशील, आणि मला बाबा नाहीत हे कळेल.

यंत्र चाललं आहे. बसवाल्या बाईंचा बूट झाला, त्या तो घालूनच कामावर गेल्या. सीड्या फुकट गेल्या असं समजू नकोस, आणि त्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला तसं सांग. फक्त तुझ्यासाठी त्यांचा उपयोग नाही. तुझी फाइल मी पुसलेली नाही. तिच्या नावापुढे ‘जुना’ असं लिहिलं आणि बंद केली. कोरलेल्या कलबुताचं काय करायचं असं कारागिरांनी विचारलं, मी म्हटलं राहू द्या फळीवर.

डॉक्टर उघडून बघतील त्या दिवशी मी तिथे असेन. तिकीट काढलं आहे. येऊ नकोस असं लिहू नकोस, पत्र पोचायच्या आत मी पोचलेली असेन. तुझ्या बायकोला म्हणावं, मला गाडीने घ्यायला येऊ नये. अजून पुष्कळ चुका होतात असं तिनेच लिहिलंय. मी चालत येईन.

आणि तिथे माझ्यासमोर विनोद करू नकोस. केलास तर मी हसेन, आणि मग मला ते थांबवता येणार नाही.

काय कापायचं आणि काय ठेवायचं ते डॉक्टरांचं काम. दोन बोटं गेली तर दोन गेली, पुढचा भाग गेला तर तो गेला. जखम भरू दे. मग जेवढा उरेल तेवढा पाय मी घेईन. चुकला तर पुन्हा घेईन.

लोभ आहे.

ताई